मॅडम, तुमची मुलं अन्न का वाटत नाहीत?

सोसायटीत, स्टाफरूममध्ये, एकदा तर बँकेच्या रांगेतही हा प्रश्न मला विचारला गेलाय. मी पुण्यातल्या एका कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं काम बघते. लोकांचं म्हणणं असं की हॉटेलांत, मंगल कार्यालयांत एवढं अन्न उरतं, पोरांनी ते गोळा करून वस्तीत वाटावं. ते सोडून तुमची मुलं रेशन कार्डांच्या झेरॉक्स घेऊन काय फिरत असतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाटण्याशी माझं भांडण नाही. पण ज्या घरात दर महिन्याला वीस किलो धान्य यायला हवं आणि येत नाही, तिथे एका रविवारी पुलाव पोचवून फोटो काढायचा, हे मला जमत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब घरांच्या कार्डावर घरटी पस्तीस किलो धान्य ठरवून दिलंय. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. गोदामात धान्य आहे, दुकानात येतंही. घरापर्यंत का येत नाही, हे शोधण्यात आमच्या मुलांचे शनिवार जातात.

वस्तीत गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘कार्ड आहे, पण धान्य चालू नाही.’ नव्या मुलांना हे कळायलाच वेळ लागतो. कार्ड केशरी आहे, त्यावर शिक्का आहे, घरातल्यांची नावं आहेत, मग अडलंय काय? कुणाच्या कार्डाला ऑनलाइन बारा अंकी नंबरच पडलेला नसतो, कुणाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं राहिलेलं, तर कुणाचा आधार भलत्याच नावाला जोडलेला. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या मावशींचा अंगठा मशीन घेत नाही. दुकानदार म्हणतो, ‘उद्या या.’ उद्या या म्हणजे आणखी एक खाडा. अशा वेळी शेजारी एक कॉलेजचा पोरगा उभा राहून ‘दुसरं बोट लावून बघा ना काका’ म्हणाला, तरी पुष्कळदा काम होतं. त्याला त्या दुकानदाराची भीती नसते. पोराचं पुढच्या महिन्याचं धान्य दुकानदाराच्या हातात नसतं ना!

मग पावती. अंगठा घेणाऱ्या त्या ई-पॉस मशीनमधून एक छोटी पावती निघते, तिच्यावर गहू किती, तांदूळ किती ते छापलेलं असतं. चार माणसं असतील तर चार पाचे वीस. पिशवीत कधी अठरा भरतात. ‘पावती द्या’ एवढे दोन शब्द बोलायला बायका कचरतात, आणि ते साहजिक आहे, दुकान एकच आणि त्याच्याशी संबंध जन्माचा. आमच्या मुली दुकानाबाहेर बसून प्रत्येकीची पावती मोठ्यानं वाचून दाखवतात. तक्रार नाही, भांडण नाही, नुसतं वाचन. वजनावर त्याचा फार चांगला परिणाम होतो.

खरा गुंता मात्र लग्न होऊन शहरात आलेल्या बायकांचा. आमच्या गटातल्या एका परभणीकडच्या मुलीला अशीच एक बाई भेटली. माहेर लातूरकडचं, नवरा सेंट्रिंगच्या कामावर, दोन लेकरं. तिचं नाव माहेरच्या कार्डावर, नवऱ्याचं त्याच्या गावी वडिलांच्या कार्डावर, लेकरांचं कुठेच नाही. पुण्यात चार तोंडं आणि एकही दाणा नाही. मुलीनं तिला नियम नीट समजावला: माहेरच्या तहसिलातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इथे नवीन कार्ड. बाई शांतपणे म्हणाली, ‘माझे पाच किलो आई खाती. ते मी कशी तोडू?’

ह्याचं उत्तर कुठल्याही फॉर्मवर नव्हतं. मुलगी माझ्याकडे आली, मलाही सुचेना. शेवटी वाट तिनंच काढली. नाव माहेरी राहू द्यायचं. लेकरांची नावं आजोबांच्या कार्डावर चढवायची आणि नवऱ्याचा नि लेकरांचा वाटा ‘एक देश एक रेशन कार्ड’खाली इथल्या दुकानातून उचलायचा. गावच्या कार्डावरचा आपापला हिस्सा दुसऱ्या जिल्ह्यात घेता येतो, हे त्या नवऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचे पाच किलो सुरू झाले. लेकरांची नावं चढली, पण त्यांचं धान्य अजून चालू नाही, कारण इष्टांक.

इष्टांक हा शब्द आमच्या मुलांना आता पाठ झालाय. कोणत्या राज्यात किती लोकांना धान्य द्यायचं याची कमाल संख्या ठरलेली आहे. महाराष्ट्रासाठी ती साधारण सात कोटी, आणि ती २०११ च्या जनगणनेवरून काढलेली. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे नवं नाव घ्यायचं तर कुणाचं तरी जुनं कमी व्हावं लागतं. त्यात प्राधान्य कुटुंबासाठी शहरातली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. चार घरची भांडी घासणारी बाईही ह्या हिशेबानं श्रीमंत ठरते. हा आकडा ज्यांनी ठरवला त्यांनी पुण्यात खोलीचं भाडं कधी भरलं नसावं.

मुलांना दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, सर्टिफिकेट हवं असतं. सगळीच काही तळमळीनं येत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. पण जी टिकतात त्यांतली बरीच स्वतः रेशनच्या घरची असतात. मराठवाड्यातून आलेली, एका मेसच्या डब्यात दोघं जेवणारी. महिन्याच्या अखेरीस कोण वडापाववर भागवतंय, हे ती एकमेकांना बरोबर ओळखतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका मुष्टिफंडात मूठ मूठ धान्य काढून ठेवायच्या आणि त्यावर पोरं शिकायची. मला ते नेहमी आठवतं. आपल्याकडे शिकणाऱ्या पोराचं पोट ही गावाची जबाबदारी होती. म्हणून आता आम्ही वस्तीत जायच्या आधी आमच्याच मुलांची कार्डं तपासतो. एकाचं नाव गावी ‘कायमचा बाहेरगावी’ म्हणून परस्पर कमी झालेलं निघालं.

आता तुमच्यासाठी. लग्नात जेवण उरलं तर जरूर कळवा, मुलं येतील, पण रात्री अकराला फोन करू नका. सकाळपासून पातेल्यात पडलेला भात आम्ही कुणाच्या लेकराला देणार नाही. तुमचं स्वतःचं नाव प्राधान्य यादीत असेल आणि दारात चारचाकी असेल, तर ते सोडण्याचा अर्ज असतो, तेवढा भरा. तुमच्या जागी दुसरं कुणी बसू शकतं. आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना एकदा विचारा, धान्य चालू आहे का. नसेल तर कार्ड आणि सगळ्यांचे आधार घेऊन शनिवारी सकाळी पाठवून द्या. फक्त त्या दिवसाचा पगार कापू नका.