मोतीला नवे घर देताना

वडिलांचा दमा वाढल्यामुळे आमच्या चार वर्षांच्या मोतीसाठी दुसरे घर शोधावे लागले, तेव्हा ‘कुत्रा मोफत देणे आहे’ अशी जाहिरात मी कटाक्षाने टाळली, कारण फुकटात मिळालेले जनावर पैदाशीसाठी वापरणारे किंवा पुढे विकणारेही असतात. त्याची नसबंदी आधीच करून घेतली. एका गृहस्थांनी घर दाखवायला टाळाटाळ केली. त्यांना मी तिथेच नकार दिला. साताऱ्याच्या कुटुंबाकडे मात्र मी स्वतः गेलो, गच्चीचा कठडा पाहिला, घरातल्या आजींची मनापासून तयारी आहे ना हे विचारले आणि मोती फटाक्यांना घाबरतो, जेवताना ताटलीला हात लावला की गुरगुरतो, हेही न लपवता सांगितले. रेबीजच्या लसीच्या नोंदी सोपवल्या, दोघांच्या सह्यांचा कागद केला आणि जमले नाही तर तो माझ्याकडेच परत यावा, अशी अट त्यात घातली. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. निघताना आईची न धुतलेली जुनी साडी त्याच्या अंथरुणात ठेवली. पहिल्या रात्री तो तिच्यातच नाक खुपसून झोपल्याचा फोटो आला.