भाड्याच्या घरातली झुरळं: फवारणी न करता कशी गेली

रात्री मोरीच्या जाळीतून वर येणारं चार सेंटिमीटरचं तांबूस झुरळ आणि आमच्या स्वयंपाकघरात निघालेलं झुरळ, ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. आपल्याकडे यातलं कोणतं आहे हे कळल्याशिवाय कुठलंही औषध आणू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

आमचं जेमतेम दीड सेंटिमीटरचं होतं. फिकट तपकिरी रंग, डोक्यामागच्या भागावर दोन गडद समांतर पट्टे. याला जर्मन झुरळ म्हणतात. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1767 साली त्याचं वर्णन केलं आणि नाव जर्मनीचं चिकटलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र त्याचं मूळ साधारण 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात असल्याचं दिसलं. माणसाच्या वस्तीबाहेर, रानात ते सहसा सापडतच नाही. मोठं झुरळ गटारातून पाहुणं म्हणून येतं, त्याची वाट बंद केली की बरंचसं काम होतं. हे छोटं मात्र आपल्याच घरात जन्मतं, वाढतं आणि मरतं. म्हणून दार-खिडक्या लावून काही उपयोग नसतो.

मला घाई होती ती आईमुळे. ती माझ्याकडे राहायला आली होती आणि तिला दम्याचा त्रास आहे. झुरळांची विष्ठा, लाळ, टाकलेली कात यांतल्या प्रथिनांमुळे ॲलर्जी होते आणि दमा बळावू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. झुरळं जायला हवी होती, आणि तीही घरभर औषधाचा धूर न करता.

घरमालकांना फोन केला. ते माणूस म्हणून चांगले आहेत. "अहो ताई, एक फवारणी करून टाकू. दोन-चार तास बाहेर जाऊन या, संपलं," असं ते म्हणाले. मी त्यांना आईचं सांगितलं आणि दुसरं कारणही सांगितलं. फवारणीत सहसा पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात आणि जर्मन झुरळांच्या कित्येक पिढ्यांना ती आता पचतात. वर ती झुरळांना पळवून लावतात. मेलेली चार ओट्यावर दिसतात आणि उरलेली भिंतीच्या आणखी आत, नाहीतर शेजारच्या घरात जातात. धुराचे डबे मिळतात त्यांचीही तीच गत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या संशोधकांनी लोकांच्या राहत्या घरांत ते वापरून पाहिले. झुरळांची संख्या कमी झाली नाही, जमिनीवर आणि ओट्यांवर कीटकनाशक मात्र साचलं. त्याच अभ्यासात जेल, म्हणजे झुरळाने खावं असं विष घातलेलं आमिष, लावलेल्या घरांत झुरळं खरोखर कमी झाली. "काका, जेलचं काम करणारा माणूस बोलवू, खर्च तेवढाच होईल," असं म्हटल्यावर ते तयार झाले.

जेल लावण्याआधी मी चिकट सापळे ठेवले. मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पुठ्ठ्याचे साधे चपटे सापळे, त्यावर जागा आणि तारीख लिहायची आणि कोपऱ्यांत, भिंतीला लागून ठेवायचे. झुरळ मोकळ्या जागेतून चालत नाही, त्याला अंगाला काहीतरी टेकलेलं लागतं. सकाळी कुठल्या सापळ्यात किती आहेत ते बघायचं. ओट्यावर रोज दिसायची म्हणून ओट्याजवळ सापळे ठेवले, तर तिथे तुरळक. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळचा सापळा भरलेला. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथलाही भरलेला, आणि त्यात बहुतेक पिल्लं. पिल्लं घरट्यापासून फार लांब जात नाहीत. म्हणजे जिथे पिल्लं जास्त, तिथे घरटं जवळ.

मग टॉर्च घेऊन बसले. कपाटांच्या बिजागऱ्या, ड्रॉवरच्या रुळांमागची फट, फ्रिजच्या दाराचं रबर, मायक्रोवेव्हची मागची बाजू. काळ्या बारीक ठिपक्यांचे पट्टे दिसले की समजायचं, इथे मुक्काम आहे. त्या विष्ठेच्या वासानेच बाकीची झुरळं तिथे गोळा होतात, म्हणून ती जागा साबणाच्या पाण्याने पुसणं हेही औषधच आहे. फक्त ते जेल लावण्याआधी करायचं, नंतर नाही.

जेलवाल्या दादांनी काम शांतपणे केलं आणि माझ्या सापळ्यांच्या खुणा बघून ते खूश झाले. आधीच्या भाडेकरूंनी कधीतरी फवारलेल्या औषधाचा थर कपाटांत असेल म्हणून तो त्यांनी प्रथम पुसायला लावला, कारण त्यावर झुरळ जेल खायला येत नाही. मग दोन-तीन मिलिमीटरचे थेंब, पुष्कळ ठिकाणी. एका जागी मोठा गोळा नाही. प्रत्येक बिजागरीत एक, ड्रॉवरच्या मागे दोन, पाइपाभोवती चार-पाच, सगळे हाताला आणि ताटवाट्यांना लागणार नाहीत असे. घरात लहान मूल किंवा मांजर-कुत्रं असेल तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

जेलचं बळ असं की ते खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही. ते फटीत परत जातं आणि तिथे मरतं. बाहेर न पडणारी पिल्लं त्याची विष्ठा खातात, मेलेलं झुरळही खातात आणि त्यांच्याही पोटात विष जातं. जिथे आपला हात पोचत नाही तिथे झुरळच औषध घेऊन जातं. म्हणून जेल लावल्यावर त्यावर किंवा आसपास स्प्रे मारायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

पहिल्या आठवड्यात दिवसाउजेडी झुरळं दिसायला लागली, लटपटत चालणारी. आई घाबरली. मी तिला सांगितलं, ही आजारी आहेत, औषध लागू पडतंय. त्यानंतर सापळे जवळजवळ रिकामे झाले.

आणि मग एकदम बारीक, काळसर पिल्लं दिसू लागली.

इथे बरेच लोक हार मानतात, आणि वाईट याचं वाटतं की काम व्यवस्थित चाललेलं असतानाच मानतात. मादी अंड्यांची पिशवी शरीराच्या टोकाला धरून फिरते, तीन-चार आठवडे, जवळजवळ पिल्लं निघेपर्यंत. एका पिशवीत 30 ते 40 अंडी असतात. पिशवीच्या कवचातून औषध सहजी आत जात नाही. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर एक लाट येतेच. ही पिल्लं उबेत साधारण दोन महिन्यांत मोठी होतात. त्याआधी त्यांना ताजं जेल मिळायला हवं. वाळलेल्या जेलला ती तोंड लावत नाहीत. दादांनी दुसऱ्या फेरीत सुकलेले थेंब काढले आणि नवे लावले.

एका कपाटातलं जेल मात्र जसंच्या तसं राहिलं होतं आणि तिथला सापळा भरत होता. दादा म्हणाले, "ताई, यांना हे रुचत नाहीये, दुसरं देतो." मी नंतर वाचलं तेव्हा कळलं, काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागतं. गोड आमिषात विष घालायला सुरुवात झाल्यावर जी गोड टाळत होती तीच जगली आणि त्यांचीच प्रजा वाढली. जेल बदललं, औषधातला घटकही बदलला, आणि ते कपाट शांत झालं. आमिष खाल्लं जातंय की नाही हे बघणारा माणूस मिळणं, हे मी भाग्य समजते.

पाणी तोडण्याचं काम आमचं. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढतं, पाण्यावाचून नाही. सिंकखालचा गळका सांधा घरमालकांनी बदलून दिला. रात्री सिंक कोरडं करायचं, ओलं फडकं ओट्यावर ठेवायचं नाही, फ्रिजखालच्या ट्रेमधलं पाणी टाकायचं. कचरा झाकणाच्या डब्यात. पुठ्ठ्याचे खोके घराबाहेर, कारण त्यांच्या पन्हळीत पिल्लं छान लपतात.

तरी सिंकखालचा सापळा पूर्ण रिकामा होईना. तो पाइप डक्टमध्ये जातो आणि डक्ट सगळ्या मजल्यांना एकच. खालच्या काकूंकडे गेले. काय बोलावं याचा विचार करतच गेले, कारण "तुमच्याकडे झुरळं आहेत का" हा प्रश्न माणसाला आरोपासारखा लागतो. मी आमच्याच घरातलं सांगितलं. काकू क्षणभर गप्प राहिल्या, मग दार पुढे लोटून हळूच म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे पण आहेत. पाहुणे येणार म्हटलं की जीव खालीवर होतो. सांगणार कुणाला?" वरच्या मजल्यावरही तेच निघालं. तिन्ही घरं स्वच्छ होती, तिन्ही घरांत लोक आपापल्या परीने फवारे मारत होते, आणि झुरळं एका घरातून दुसऱ्या घरात जात होती. इतके दिवस प्रत्येक जण लाजेपोटी एकटाच झगडत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

मग एकाच आठवड्यात तिन्ही घरांत जेल लागलं. डक्टच्या आत बोरिक पावडरचा अगदी पातळ, जेमतेम दिसेल एवढा हात मारला. ढीग केला तर झुरळ त्याला वळसा घालून जातं. पाइपाभोवतीच्या फटी मात्र सगळ्यात शेवटी, सापळे रिकामे झाल्यावर बुजवल्या.

झुरळं गेल्यावरही आईचा खोकला लगेच थांबला नाही, आणि ते अपेक्षित होतं. ॲलर्जी करणारी ती धूळ महिनोन् महिने घरात राहते. झाडूने ती उडते, म्हणून कपाटं रिकामी करून ओल्या फडक्याने पुसली, बारीक धूळ धरून ठेवणारा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमने फटी ओढून घेतल्या आणि त्या दिवसांत आईला दुसऱ्या खोलीत बसवलं. हळूहळू तिची रात्रीची झोप सलग व्हायला लागली.

सिंकखाली आणि फ्रिजमागे एकेक सापळा अजून आहे, दर महिन्याला नवीन तारीख घालून. वरचं घर आता रिकामं झालं आहे. नवे भाडेकरू येण्याआधी तिथे जेल आणि डक्टमध्ये बोरिक पावडर पुन्हा लावायचं घरमालकांनी कबूल केलं आहे. दादांचा नंबर मी त्यांना आणि खालच्या काकूंनाही देऊन ठेवला आहे.