फिल्टरवरचा काळा डाग नेमका कुणाचा?

पहाटे पाचला गच्चीवर जाऊन सॅम्पलरचा, म्हणजे हवा ओढून तिच्यातली धूळ गोळा करणाऱ्या यंत्राचा, फिल्टर बदलायचा, हे काम मी दीड वर्ष केलंय आणि अजूनही फिल्टर हातात आला की पहिली नजर रंगावरच जाते. ४७ मिलिमीटरची गोल चकती, घालताना पांढरीशुभ्र असते, बाहेर येते तेव्हा कधी राखाडी, कधी काळीकुट्ट, कधी पिवळट तपकिरी. काळी असेल तर काजळी जास्त, म्हणजे डिझेल वगैरे, आणि पिवळट तपकिरी झाक असेल तर लाकूडफाटा किंवा पालापाचोळा जळालेला, हा अंदाज सवयीने यायला लागतो, पण अंदाज म्हणजे पुरावा नाही.

मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढली तर २४ तासांत साधारण २४ घनमीटर होते. हवेत पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल तर फिल्टरवर जमा होतात जेमतेम २.४ मिलिग्रॅम, बोटाने पुसलं तर संपलं एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली, म्हणजे १०० हा आकडा किती भयंकर आहे ते बघा. आणि आता एवढ्याशा धुळीतून सांगायचं की यात ट्रकचं किती, चुलीचं किती, वीटभट्टीचं किती, रस्त्यावरच्या मातीचं किती.

प्रदूषण किती आहे हे आता कुणीही मोबाईलवर बघतो, पण ते कुणाचं हे आकडा सांगत नाही, आणि मग ज्याला जो आवडत नाही त्याच्या माथी ते मारलं जातं. शेतकऱ्याचं नाव घ्या, रिक्षावाल्याचं घ्या, चूल पेटवणाऱ्या बाईचं घ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी असा प्रकार मी बैठकांमध्ये इतक्यांदा बघितलाय की राग येतो, म्हणूनच हे लिहायला बसले.

तर ओळखायचं कसं? प्रत्येक धुराची आपली एक खूण असते. मातीत सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह. जहाजाच्या जड तेलात व्हॅनेडियम आणि निकेल. ब्रेक घासले की तांबं, बेरियम, अँटिमनी. लाकूड जळलं की सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसन तयार होतं, ते डिझेलमधून येत नाही. गोवरीच्या धुराची तर मला सगळ्यात भारी वाटणारी खूण आहे, गुराच्या पोटातले जिवाणू वनस्पतीतल्या स्टेरॉलचं रूप बदलतात आणि त्यातून होणारा ५-बीटा-स्टिग्मास्टॅनॉल धुरात सापडतो, म्हणजे ते गवत गुराच्या पोटातून गेलंय हे फिल्टर सांगतो! आणि कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा हळूहळू नष्ट होत जाणारा किरणोत्सारी प्रकार, आहेच, त्याचं अर्धआयुष्य ५७३० वर्षांचं, त्यामुळे लाखो वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कोळशात आणि पेट्रोलमध्ये तो उरलेलाच नसतो, आणि काल तोडलेल्या लाकडात असतो.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की गरीब भागात धूर असा एकेकटा निघतच नाही. एकाच चुलीत सकाळी लाकूड, संध्याकाळी गोवरी, पेटवायला प्लास्टिकची पिशवी. वीटभट्टीत कोळसा, भुसा, जुने टायर, जे स्वस्त मिळेल ते. आणि आपण वापरतो ते ‘सोर्स प्रोफाइल’, म्हणजे कुठल्या धुरात काय किती याचे तक्ते, त्यातले बरेचसे श्रीमंत देशांत तयार झालेले, तिथल्या गाड्या, तिथलं इंधन. एक काळ असा होता की शिसं म्हणजे पेट्रोल असं डोळे झाकून लिहायचे. २०२१ मध्ये अल्जेरियाने गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणं थांबवलं आणि जगातून ते गेलं, पण फिल्टरवर शिसं अजून येतंच, जुन्या बॅटऱ्या वितळवणं, कोळसा, कचरा यातून.

तक्ते नसतील तर दुसरी वाट म्हणजे पीएमएफ, फिनलंडच्या पाटेरो आणि टॅपर यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत. कुठलाही तक्ता द्यायचा नाही, शेकडो फिल्टरचे आकडे द्यायचे आणि कोणकोणते पदार्थ एकत्र चढतात-उतरतात त्यावरून ती पद्धत गट पाडते, एक गट म्हणजे धुराचा एक उगम. पण गटाला नाव ती देत नाही, नाव माणूस देतो, आणि तिथेच चूक होते. माझीही झाली.

माझ्या आकड्यांमध्ये चौथा गट आला त्यात क्लोरीन भरपूर, अँटिमनी, शिसं, थोडं जस्त, सेंद्रिय कार्बन खूप. सोडियम नगण्य, म्हणजे समुद्राचं मीठ नाही. मी मसुद्यात ‘कारखाने’ लिहून मोकळी झाले. मग दिवसाचे आणि रात्रीचे फिल्टर वेगळे करून बघितले तर हा गट रात्रीच वाढतो, थंडीत जास्त, आणि सुट्टीच्या दिवशी काही कमी होत नाही. कारखाना असा कसा वागेल? इमारतीच्या वॉचमनला सहज विचारलं तर तो म्हणाला, “ताई, मागच्या भिंतीकडे रोज पेटवतात ना कचरा, शेकायला.”

दुसऱ्या दिवशी साडेचारला गेले. भिंतीला लागून बाटल्या, पिशव्या, वायरीचे तुकडे, सायकलचा टायर, आणि वरून ओला पालापाचोळा, त्यामुळे ज्वाळा कमी आणि धूरच धूर. थंडीत जमिनीलगतची हवा गार, तिच्यावर उबदार हवेचं झाकण, धूर वर जायलाच तयार नाही, कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला. झाडलोट करणारा एक म्हातारा माणूस त्यावर हात शेकत होता, खोकत होता. कचरा न्यायला गाडी येत नाही, तो तरी काय करणार. बाटलीच्या प्लास्टिकमध्ये अँटिमनी असतं, ते बनवताना वापरतात म्हणून, आणि वायरीच्या पीव्हीसीत क्लोरीन. माझा ‘कारखाना’ समोर धुमसत होता.

अजून एक, फिल्टरवरचं सगळं तिथल्या धुराचं नसतंच. दूरच्या वीजकेंद्राचा सल्फर डायऑक्साइड शेतातल्या आणि गोठ्यातल्या अमोनियाला भेटतो, वाटेत अमोनियम सल्फेटचे कण होतात आणि शेकडो किलोमीटरवर येऊन पोचतात, त्याचा दोष गल्लीतल्या चुलीवर टाकून कसं चालेल?

आणि वीज. वीज गेली की सॅम्पलर बंद, आणि शेजारचा जनरेटर सुरू, वीज परत आल्यावर पहिल्यांदा आत ओढला जातो तो त्याचाच उरलेला धूर. म्हणून मी वहीत वेळ लिहिते, वीज कधी गेली, कधी आली. ही वही नसती तर निम्मे आकडे मला कळलेच नसते.

आता त्या कचऱ्याच्या धुराचा आमचा स्वतःचा तक्ता करतोय. लांब काठीला नळी बांधून गेल्या आठवड्यात तीन ढिगांवरून नमुने घेतले, त्या म्हाताऱ्या काकांनीच काठी धरली. फिल्टर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद डब्यात, आहेत, सोमवारी वजन करायचंय.