माग थांबला की जाग येते

आमच्या इचलकरंजीत रात्री आवाज थांबला की लोकांना जाग येते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गावाला या खटखटीची सवय. वीज गेली की शेजारचे माग एका दमात बंद पडतात आणि अख्खी गल्ली उठून बसते. तान्ही पोरं रडायला लागतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हे समजायला दोन वर्षं लागली. त्याचा दहावीच्या परीक्षेशी काही संबंध असेल हे समजायला आणखी दहा-बारा.

मी घरी दहावीच्या गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. पुढच्या खोलीत सतरंजी, एक पांढरा बोर्ड आणि जास्तीत जास्त आठ-नऊ मुलं. बहुतेकांचे वडील मागावर, आया कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या यंत्रावर. त्या वर्षी त्यांत एक मुलगी होती. वर्गसमीकरणं अशी नीट सोडवायची की मी तिची वही इतरांपुढे धरायचे. जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली आणि बीजगणितात तिला ४० पैकी ९ पडले. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना जीव टांगणीला लागायला नको: बोर्डात तिला गणितात, बीजगणित, भूमिती आणि शाळेचे अंतर्गत गुण मिळून, १०० पैकी ५७ मिळाले. फार नाहीत. पण मधल्या दोन महिन्यांत मी काय काय चुकले आणि काय जमलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका तिने मला आणून दाखवली. पहिल्या पानावर नाव, तुकडी, पट्टीने आखलेला समास. खाली कोरं. दुसऱ्या पानावर क्रेमरच्या पद्धतीतला निश्चयक तीनदा मांडलेला आणि तिन्ही वेळा खोडलेला. शेवटच्या दोन पानांवर मात्र घाईघाईत पाच-सहा गणितं, वेळ संपल्यामुळे अर्धवट सुटलेली, पण जेवढी केली तेवढ्यात एकही चूक नाही. म्हणजे पोरीला येत होतं. मग पहिला तास गेला कुठे?

हा प्रश्न मी तिला तेव्हाच विचारायला हवा होता. मी मात्र शिकवणीवाल्या बाया करतात तेच केलं. पहाटे साडेपाचला जादा तास सुरू केला. रोज वीस गणितं, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शिवाय अपेक्षित प्रश्नांचा गठ्ठा. पंधरा दिवसांत तिच्या पोटात दुखायला लागलं आणि डबा तसाच परत जायला लागला. तिची आई येऊन म्हणाली, "बाई, पोरीला दिष्ट लागलीया बगा. काल मीठ-मोहरी ओवाळून टाकली." मी मनातल्या मनात हसले. पुढे माझ्या लक्षात आलं की तिचा उतारा दोन मिनिटांत आटोपत होता. माझा रोज दोन तास चालायचा, आणि गुण दोन्हीचा सारखाच.

शेवटी एका संध्याकाळी बाकीची मुलं गेल्यावर तिला थांबवलं. दोघींना चहा केला आणि विचारलं, "पेपर हातात आल्यावर नेमकं काय झालं?"

"घंटा झाली, सरांनी दार लावलं आणि सगळं गप झालं. मी नुसता बसलो." (आमच्याकडे मुलीही 'बसलो, आलो' म्हणतात.) "मग माझंच काळीज मला ऐकू याय लागलं. तेच ऐकत बसलो, बाई. वाचलेलं काय डोसक्यात जाईना."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ही मुलगी मागाच्या भिंतीला डोकं लावून झोपते. अभ्यास त्याच खटखटीत, जेवण त्यातच. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, हे तिच्या अंगात मुरलेलं. आणि आपण परीक्षेच्या वर्गात तिच्यासाठी नेमकी शांतता मांडून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारलं, तर आणखी दोघांनी हळूच हात वर केला. एकाच्या हाताला घाम सुटून कागद ओला होतो, तर दुसऱ्याला दर दहा मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं. वर्षभर समोर बसत होती ही पोरं!

पहाटेचा तास बंद केला. दोन आयांना ते आवडलं नाही, फी पूर्ण घेऊन तास कमी केला असं एकीने तोंडावर सांगितलं. पण मुलं रात्री एकपर्यंत जागायची आणि पाचला उठायची. वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत, हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको होतं. रात्री दहाला वही बंद, हा नियम केला. पाळला बहुतेकांनी.

मग जागा शोधली. एका विद्यार्थ्याच्या आजोबांची नदीकडच्या मळ्यात एक खोली होती. मोटार बंद असली की तिथे साळुंक्या सोडून कशाचा आवाज नाही. पाच रविवार तिथे पेपर घेतला, बोर्डाच्याच वेळेला: अकरा ते एक वाजून दहा. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला मिळायची. पेपर बाहेर फुटू नये म्हणून २०२३ पासून ती पद्धत बंद झाली आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. माझं स्पष्ट मत आहे की अशा घाबरणाऱ्या मुलांना आधीची दहा मिनिटंच जास्त कामाची होती. पण आता नाहीत ती नाहीत. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे आम्ही घोकून घेतलं.

आधी श्वास. चार आकडे मोजत आत, सात आकडे मोजत बाहेर, असं पाच वेळा. सोडलेला श्वास लांबला की ठोके हळू होतात. मुलांना हे पटलं ते मागाच्या भाषेत: माग सुरू करताना पहिला झटका बसतो ना, तसं काळीज धडधडतं, म्हणजे शरीर कामाला लागलंय. बिघाड नाही. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलवायची गरज नाही.

त्यानंतरची युक्ती मला फार उशिरा सुचली. गणिताच्या पेपरात 'कृती' असतात. गणित अर्धंमुर्धं सोडवून छापलेलं असतं आणि मधल्या रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. दुसऱ्या प्रश्नाच्या (अ) भागात दोन कृती, चार गुणांना. तिसऱ्याच्या (अ) भागात एक, तीन गुणांना. कृती उत्तरपत्रिकेत उतरवून घ्यावी लागते, म्हणून मुलं कुरकुरतात. मला वाटलं, हिला तेच हवंय! कोरं पान तिला खायला उठत होतं. कृतीत पहिल्या दोन-तीन ओळी नुसत्या बघून लिहायच्या. डोकं लागत नाही, पण हात सुरू होतो. कापडाचा पहिला वार विणून झाल्यासारखं पान भरतं. म्हणून तिला सांगितलं: आधी कृती. मग पहिल्या प्रश्नातले पर्याय आणि एकेक गुणाची गणितं. चार गुणांची सगळ्यात शेवटी.

यावरून एका शिक्षकांशी माझा थोडा वादही झाला. पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सोडवलेला पेपर तपासणाऱ्याला आवडतो, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण प्रश्नक्रमांक ठळक घातला की क्रम आपल्या सोयीचा ठेवता येतो, आणि कोऱ्या पानापेक्षा उलटसुलट भरलेलं पान केव्हाही बरं.

पहिल्या रविवारी तिला हात सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या रविवारी पंचवीस. तिसऱ्या रविवारी ती रडली आणि अर्ध्यातून उठून विहिरीपाशी जाऊन बसली. मी गेले नाही मागे. आजोबांनी तिला शेंगा दिल्या भाजलेल्या. चौथ्या रविवारी मी घड्याळ बघितलं तेव्हा अकरा वाजून सात मिनिटं झाली होती आणि तिची पहिली चौकट भरलेली होती. त्या दिवशी ४० पैकी २४ पडले.

घरचं प्रकरण वेगळंच. तिचे वडील घरात सारखं म्हणायचे, "नापास झालीस तर कांडी मशीनवर बसायचं." कारखान्यातली पाळी सुटायच्या वेळी त्यांना चहाच्या गाड्यावर गाठलं. भांडायच्या तयारीने गेले होते. ते कपाकडे बघत म्हणाले, "बाई, मीबी धावीत गणितातच गेलोय. दोनदा. पोरगी माझ्यावर गेली का काय, ह्याचं भ्या वाटतंय." माझा आवाज खाली आला. एवढंच मागितलं की परीक्षा होईपर्यंत कांडीचं नाव काढू नका, आणि पेपर सुटल्यावर कसा गेला ते विचारू नका.

"मग काय इचारू?"

"जेवलीस का, विचारा."

पुढे ती सांगायची की बाबा आता दिवसातून चार वेळा जेवलीस का विचारतात, आणि आई म्हणते, माणसाला झालंय तरी काय.

सगळंच असं चहावर सुटलं नाही. त्याच तुकडीतला एक मुलगा चप्पल घालता घालता म्हणाला, "नापास झालो तर तुमाला दिसणारच न्हाई मी." सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नको ते येईल, ही भीती खोटी आहे. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग बोलला. मी त्याला एकट्याला घरी सोडलं नाही. त्याच्या आई आणि थोरल्या भावासमोर १४४१६ ला फोन लावला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मंडळही दर वर्षी परीक्षेच्या दिवसांत समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. पुढे डॉक्टरांकडे नेलं. त्या महिन्यात त्याच्याकडून मी एकही गणित करून घेतलं नाही. तो आता आयटीआयला आहे, एवढंच लिहिते.

बीजगणिताच्या दिवशी मी केंद्रावर जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. साडेदहाच्या आत मुलांना आत घ्यायचे. गेटबाहेर जत्रा. कुणी शेवटच्या मिनिटापर्यंत गाईड उघडून बसलेलं, कुणाची आई "संभाव्यता बघितलास का?" म्हणून मागे लागलेली. माझ्या पोरांना मी कोपऱ्यातल्या झाडाखाली नेलं आणि प्रत्येकाच्या हातात केळं दिलं. पुस्तक काढायला बंदी. हॉल तिकीट, दोन निळी पेनं, कंपासपेटी, साधं काट्यांचं घड्याळ. तिने केळं अर्धंच खाल्लं आणि उरलेलं सालीत गुंडाळून माझ्याकडे दिलं. अकराची घंटा झाली तेव्हा ते माझ्या हातात होतं आणि माझंच काळीज मला ऐकू येत होतं.

दोन तास दहा मिनिटांनी ती बाहेर आली. मी ओठ घट्ट मिटून उभी. माझाच नियम.

"बाई, दोन कृती उतरवल्या तवर बरं वाटलं. चार मार्काचं एक राहिलं," ती म्हणाली. मग, "कलिंगड खाऊया?"

कलिंगड खाल्लं, ती घरी गेली. दुपारी तीनच्या सुमारास वीज गेली. माग थांबले, गल्लीतली माणसं सवयीने बाहेर आली. थोड्या वेळाने तिची आई माझ्या दारात.

"बाई, पोरगी झोपलीया. लाईट गेली तरी उठंना. उठवू काय?"

म्हटलं, झोपू दे. भूमितीला अजून वेळ आहे.