शॉकअपची पिन का तुटली आणि वडापच्या काळातला तो जादा पाटा

महिंद्राच्या जुन्या कमांडर जीपमधून आवाज येत नसेल तर ती बंद आहे असं समजायचं. त्यामुळं मागून खडखड आली की आपण आधी स्टेपनीवर संशय घेतो, मग जॅकवर, मग फाळक्याच्या कडीवर, आणि तशीच गाडी हाणत राहतो. पण कुंभार्ली घाट चढून वर येताना यावेळी आवाज वेगळा होता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठण्ण, आणि खड्ड्यातून गेलं की मागचा भाग एकदा झुलून थांबायच्या ऐवजी झुलतच राहायचा. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा खाली वाकून बघितलं तर मागचा डावा शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, नुसता खालच्या टोकाला धरून आडवा लोंबकळतोय. वर चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, ब्रॅकेटला जी पिन असते ती मुळापासून मोडून गेलेली.

ज्यांच्याकडं फक्त कार आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजकालच्या बहुतेक गाड्यांना पुढं जो स्ट्रट असतो त्याच्यावर गाडीचं वजन असतं आणि स्टिअरिंगही त्याच्याच जिवावर, त्यामुळं त्याचं वरचं माउंटिंग गेलं तर गाडी तिथंच उभी करायची, टो करून न्यायची. जीपचं तसं नाही. वजन सगळं कमानपाट्यांवर, म्हणजे एकावर एक बांधलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, शॉकअपचं काम फक्त पाट्यांचं नाचणं आवरायचं. आत तेल असतं, ते बारीक भोकांतून आणि वॉल्वमधून ढकललं जातं, त्या ओढाताणीत उसळीचा जोर मरतो, बस. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात त्यानंही थोडं काम होतं. म्हणून मी खालचा नट काढला, शॉकअप उतरवून मागं टाकला आणि हळूहळू पाटणवरून कराडला आलो. वळणावर मात्र जपायला लागतं, एक बाजू मोकळी असली की खड्ड्यात मागचं चाक रस्ता सोडतं, ब्रेक मारला तर गाडी भलतीकडं बघायला लागते.

आमची कमांडर नव्वदच्या दशकातली, प्युजो इंजिनवाली. मामांनी घेतली तेव्हा ती आधीच वडापला चाललेली गाडी होती. वडाप म्हणजे काय हे साताऱ्या-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांनी एवढं समजा की माणसं भरून भाडं मारणारी खाजगी जीप, पासिंग जेवढ्या माणसांचं त्याच्या दुप्पट माणसं आत आणि काही मागच्या फाळक्यावर. ही माहिती लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

कराडला दोघांनी गाडी बघितली. पहिला म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे, पिन ठेवतो आणि वेल्डिंगचा टाका मारतो. खरंच पाच मिनिटांत झालं असतं. पण आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणजे भलताच चिकट माणूस, त्यांनी आधी ग्राइंडरनं ब्रॅकेटवरचा रंग आणि गंज साफ केला आणि मला खाली बोलावलं. "ह्ये बगा सायेब, हितं कुनीतरी आधीच टाका मारलाय. वरनं परत मारलाय. आता मी मारला तर पुढच्या पावसाळ्यात तुमी परत हितंच." खरंच तिथं वेल्डिंगचा एक ढेकूळ झाला होता, एकावर एक थर.

मग त्यांनी तुटलेली पिन रॉकेलनं धुतली आणि मोडलेलं तोंड उजेडात धरलं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडलं, म्हणून जरा लांबण लावतो. लोखंड एका फटक्यात तुटलं तर सगळं तोंड सारखं दिसतं, खरबरीत, करड्या रंगाचं. आमच्या पिनच्या तोंडाचा वरचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, काळपट तांबूस, त्यावर समुद्राच्या वाळूत लाटेच्या खुणा राहतात तशा वाकड्या रेघा. खालचा थोडाच भाग चकचकीत आणि दाणेदार. म्हणजे चीर आजची नव्हतीच, वरच्या बाजूनं सुरू होऊन महिनोनमहिने थोडी थोडी खाली सरकत होती, पाणी आत जाऊन गंजत होती, आणि शेवटी उरलेल्या कातळीला भार झेपला नाही तेव्हा घाटात ठण्ण.

आता चीर वरूनच का? पिन एका बाजूला चासीत घट्ट आणि दुसरं टोक हवेत, त्या टोकावर शॉकअपचा डोळा. शॉकअप दाबला जातो तेव्हा तो पिनला वर ढकलतो, मग ताण पिनच्या खालच्या अंगाला येतो. शॉकअप ताणला जातो तेव्हा पिनला खाली ओढतो, तेव्हा ताण वरच्या अंगाला. चीर वरून म्हणजे पिन खाली ओढून ओढून दमली होती. शॉकअप मुळातच ताणताना जास्त जोर धरतो हे खरं, पण तेवढ्यानं पिन जात नाही, नाहीतर सगळ्याच जीपच्या गेल्या असत्या. एवढं ओढायचं कारण एकच, शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आत ठोकर खात असणार. म्हणजे गाडी उचललेली आहे आणि शॉकअप तोकडा पडतोय.

मिस्त्री उठले आणि पाटे मोजायला लागले. दोन्हीकडं एक पाटा जादा. वडापला गाडी भरली की मागून बसायची, म्हणून कुणीतरी पाटा वाढवलेला. बारा-पंधरा माणसं आत असताना गाडी बरोबर पातळीत असणार. पण आता आत कोण, तर मी, बायको, पोरगं आणि फार तर खताची दोन पोती. रिकामी गाडी मागून उंच, शॉकअप कायम जवळजवळ पूर्ण ताणलेला, आणि चाक खड्ड्यात उतरलं की पुढं जायला जागाच नाही, सगळा हिसका त्या बिचाऱ्या पिनला. मग डावीच का गेली म्हणाल तर आपले रस्ते बघा, समोरून ऊसाची ट्रॉली आली की डावी चाकं साइडपट्टीवरून खाली, परत वर. डाव्या बाजूनं आयुष्यभर तेच केलंय. त्यात डाव्या बाजूचं बंप रबरही, म्हणजे ॲक्सल वर येऊन चासीला आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा, कधीतरी गळून पडलेलं, तिथं नुसता गंजका कप होता. ते पिन मोडायचं कारण नव्हतं पण भरली गाडी असती तर दाबाच्या बाजूनंही फटके बसले असते, म्हणून तेही घेतलं यादीत.

मामांना फोन केला तर म्हणाले, "अरे मग पाटा राहू दे की, कधी लग्नाबिग्नाला माणसं न्यायची झाली तर?" मामांच्या डोक्यातलं वडाप काही जात नाही. मी म्हणलं लग्नाला ट्रॅव्हल्स करू. जादा पाटे काढले. हे काढताना पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीनच घ्यायचे, जुने एकदा ताणलेले आणि गंजलेले असतात, त्यांना परत आवळून भरवसा ठेवायचा नाही. सगळ्या पाट्यांच्या मधून जाणारा सेंटर बोल्टही बघून घ्यायचा, तोच तुटला तर ॲक्सल जागचा सरकतो.

आता पिन. ती लेथवर करून घेतली, मटेरियल ईएन-८ नावाचं पोलाद, कुठल्याही लेथवाल्याकडं मिळतं. इथं दोन गोष्टी आग्रहानं सांगितल्या. एक, पिन जिथं जाड होते तिथला कोपरा काटकोनात कापायचा नाही, गोलाई ठेवायची, कारण चीर नेहमी असल्या टोकदार कोपऱ्यातच जन्माला येते. दोन, पिन ब्रॅकेटला नुसती चिकटवायची नाही, तिचं मागचं टोक ब्रॅकेटच्या आरपार न्यायचं, मागं आटे पाडून नट लावायचा आणि मग वेल्डिंग. म्हणजे भार नट आणि खांद्यावर, वेल्डिंग नुसतं धरून ठेवायला. लेथवाला जरा कुरकुरला की एवढ्याशा पिनला एवढं काम कशाला, पण केलं त्यानं, आणि नीट केलं.

ब्रॅकेटमध्येही भोकापासून एक बारीक चीर निघाली होती. तिच्या शेवटाला तीन एमएमचं भोक मारलं म्हणजे ती पुढं पळत नाही, मग चीर ग्राइंडरनं व्ही आकारात उघडून भरून घेतली आणि मागून एक पट्टी दिली. पट्टीची टोकं निमुळती ठेवली आणि चासीच्या कडेवर आडवा टाका कुठंच मारला नाही, तो मारला की आज ब्रॅकेट वाचतो आणि चार वर्षांनी चासी चिरते.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, अर्थिंगचा चिमटा ब्रॅकेटच्या अगदी जवळ लावला. हा चिमटा बरेच जण चाकाच्या ड्रमला लावून मोकळे होतात, मग करंट बेअरिंगमधून रस्ता शोधतो आणि बेअरिंगवर डाग पडतात. ब्रेकचा रबरी पाइप ओल्या गोणपाटानं झाकला, टाकीच्या बाजूला पत्रा आडवा धरला, पाण्याची बादली आणि वाळू शेजारी. वेल्डिंगचे रॉड सात हजार अठरा (७०१८) नंबरचे, आणि ते कोरडे पाहिजेत. पावसाळ्यात आपल्याकडं पाकीट उघडं पडलेलं असतं, रॉड दमट होतात आणि त्या ओलीतून वेल्डिंगच्या आत चिरा जातात, बाहेरून दिसत पण नाहीत. मिस्त्रींनी नवीन पाकीट फोडलं. पिन आणि ब्रॅकेट गॅसनं आधी चांगलं तापवून घेतलं, कारण ईएन-८ मध्ये कार्बन जास्त, थंड्यावर टाका मारला की बाजूचा भाग काचेसारखा कडक होऊन तडकतो. काम झाल्यावर गॅरेजमधला पोरगा सवयीनं पाण्याचा मग घेऊन आला तर मिस्त्री असे ओरडले त्याच्यावर की शेजारच्या टपरीवरची माणसं बघायला आली. लाल झालेल्या टाक्यावर पाणी ओतायचं ही आपल्याकडची गॅरेजांतली सगळ्यात वाईट सवय आहे हे माझं ठाम मत आहे. आपोआप गार होऊ द्यायचं, वाटलं तर वर कोरडी वाळू टाकायची, तोवर चहा.

गार झाल्यावर गंज न धरणारा रेड ऑक्साइडचा हात, त्यावर काळा रंग. शॉकअप जोडीनंच बदलले, एक नवा एक जुना ठेवला तर मागून गाडी एका अंगावर नाचते. नवा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून हातानं पूर्ण ओढायचा पूर्ण दाबायचा, असं काही वेळा, म्हणजे आतली हवा निघते आणि पोकळ झटका जातो. त्याही आधी चासीखाली स्टँड लावून चाक लोंबकळत ठेवलं आणि वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत अंतर मोजलं, मग शॉकअप पूर्ण ओढून त्याची लांबी मोजली. शॉकअप इंचभर तरी जास्त भरला पाहिजे. जादा पाटे असतानाही हेच मोजून ठेवलं होतं, तेव्हा अंतर आणि शॉकअप जवळजवळ सारखेच भरत होते, म्हणजे मिस्त्रींचा पिनच्या तोंडावरून केलेला अंदाज बरोबर. आता भरपूर शिल्लक राहते. शेवटचे नट गाडी चाकांवर उभी करून आवळले, हवेत लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्प्लिट पिन नवीन.

खर्चाचं म्हणाल तर शॉकअपची जोडी आणि यू-बोल्ट यातच पैसे गेले, लेथ आणि वेल्डिंग त्यापुढं किरकोळ. गाडी मागून चांगली दोन बोटं खाली आलीय, मामा म्हणतात बसल्यासारखी दिसते. पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळायला मिस्त्रींनी बोलावलंय, तेव्हा उजव्या बाजूची जुनी पिनही काढून तिचं तोंड, म्हणजे मूळ, घासून बघणार आहे. तिलाही तोच पाटा इतकी वर्षं ओढत होता.