सांधा कधी घसरतो : नोंद सहावी

बोल्टने आवळलेल्या प्लेटांचा सांधा किती भाराला घसरतो, ते मी या नोंदींमध्ये मोजतोय. मागच्या नोंदीत मिल स्केलच्या, म्हणजे काळी पपडी तशीच ठेवलेल्या प्लेटांचा घर्षणगुणांक (तोंडं एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा) ०.४२ लिहिला होता. तो आकडा कृपया खोडा. तो का चुकला हे शोधण्यात जुलैचे तीन रविवार गेले, पण त्यातून जे कळलं ते आधीच्या पाचही नोंदींपेक्षा मोलाचं आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी. तीन प्लेटा, बाहेरच्या दोन पायावर उभ्या, मधली थोडी वर. तिन्हींच्या १८ मिमी भोकांतून १६ मिमीचा, ८.८ प्रतीचा एकच बोल्ट. मधल्या प्लेटवर दहा टनी हायड्रॉलिक जॅक दाबतो, बाजूला सरकणं मोजायला डायल गेज. बोल्ट भोकाच्या कडेला टेकू द्यायचा नाही, म्हणजे सगळा भार आवळलेल्या दोन तोंडांच्या घर्षणावरच येतो. प्लेट ०.१५ मिमी सरकली की त्या वेळचा भार लिहून घ्यायचा. युरोपीय प्रमाणातल्या चाचणीतही हीच मर्यादा आहे. त्या भाराला दोन तोंडांनी आणि बोल्टमधल्या ताणाने भागलं की गुणांक मिळतो.

घोळ त्या ताणात होता. मी तो टॉर्क पान्यावरून, म्हणजे किती पिळाने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यावरून, धरत होतो : १९० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण ६० किलोन्यूटन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्या शेडमध्ये हे सगळं चालतं, त्या लेथवाल्या काकांनी माझ्या नव्या बोल्टांच्या आट्यांवरून आधीच तेलाचं बोट फिरवलं होतं. विचारलं तर म्हणाले, "आरं, कोरडा आवळलास तर आटे धरत्यात. तेल लावूनच आवळायचा असतोय."

काकांचं बरोबरच आहे. पान्यावर लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा नटाखाली आणि आट्यांमध्ये घासण्यातच खर्च होतो. तेल लागलं की ही घासणूक घटते आणि तेवढ्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. प्लेटा अधिक घट्ट दाबल्या गेल्या, जास्त भाराला घसरल्या, आणि मी ते श्रेय पृष्ठभागाला दिलं.

म्हणून आता ताण लांबीवरून काढतो. बोल्टच्या दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल मारलं, त्या खळग्यांत बेअरिंगचे छर्रे बसवले आणि छऱ्यांवरून मायक्रोमीटर लावला. माझ्या बोल्टची पकड, म्हणजे डोक्यापासून नटापर्यंतची आवळलेली लांबी, ७० मिमी आहे. ६० किलोन्यूटनला तो जवळजवळ ०.१२ मिमी लांबतो. मायक्रोमीटरची बारा घरं. एक घर चुकलं तर आठ टक्क्यांचा फरक पडतो, पण टॉर्कच्या भरवशापेक्षा हे शतपटीने बरं. कोरड्या आट्यांवर १९० ला बारा घरं आली, तेलाच्या बोल्टवर पंधरा-सोळा, म्हणजे सुमारे ७९ किलोन्यूटन! मग जुना हिशेब पुन्हा मांडला. तेलाचा बोल्ट ५० किलोन्यूटनला घसरला होता, कोरडा ३८ ला. दोन्हींचा गुणांक ०.३२. तो आकडा वहीत दोनदा लिहिला तेव्हा खरंच हात थांबला. पोलादी बांधकामाचं भारतीय प्रमाण आयएस ८००:२००७, त्याच्या तक्ता २० मध्ये स्वच्छ मिल स्केलला ०.३३ दिलाय.

याच पद्धतीने पुढच्या दोन जोड्या झाल्या. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ओळखीने कास्टिंगबरोबर माझ्या प्लेटाही शॉट ब्लास्टिंगमधून, म्हणजे जोराने छर्रे मारून पृष्ठभाग साफ करणाऱ्या मशीनमधून, काढून घेतल्या. वाळू झाडण्यासाठी हे मशीन तिथे रोज चालतंच. प्लेटा करड्या, बोटाला खरखरीत. ५६ किलोन्यूटनला "टक्" असा स्पष्ट आवाज होऊन घसरल्या : ०.४७. तक्त्यात ०.५० आहे. भोकांच्या कडेचा बर, म्हणजे भोक पाडताना वर उठलेली धार, मात्र कानशीने काढायलाच हवा, नाहीतर प्लेटा तोंडाला तोंड बसतच नाहीत.

दुसरी जोडी रेड ऑक्साइडची. तक्त्यात ०.१० आहे ते शेंदरी, म्हणजे शिशाच्या रंगाला. आपल्याकडचा रेड ऑक्साइड लोखंडाच्या ऑक्साइडचा, तो वेगळा, म्हणून मुद्दाम करून पाहिला. संध्याकाळी बारा घरं ताणून ठेवलेला बोल्ट सकाळी दहावर आला होता. रंगाचा थर दाबाखाली पिचतो आणि ताण सुटतो. वर गुणांकही फक्त ०.१६. आवाज नाही, काही नाही, प्लेट हळूहळू सरकत राहिली. हे बघून माझं मत पक्कं झालं : जिथे घसरण चालणार नाही, कंप असेल किंवा भार उलटसुलट येत असेल, तिथे आतली तोंडं झाकून मगच रंग मारा. साध्या शेडच्या सांध्यात बोल्ट भोकाच्या कडेला टेकूनच भार घेतो, तिथे रंग असला तरी अडत नाही.

आता गंजाची पाळी. तक्त्यातली माझी सगळ्यात आवडती ओळ ही : वाळूने ब्लास्ट केलेला पृष्ठभाग ०.४८, आणि त्यावर हलका गंज चढू दिला तर ०.५२. गंजाने पकड वाढते हे वाचून पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. सुटा गंज मात्र घासून काढायचा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात गंज चढायला वेगळं काही करावं लागत नाही. ब्लास्ट केलेल्या तीन प्लेटा काकांच्या शेडच्या पन्हळीखाली, थेट पाणी लागणार नाही अशा बेताने, तारेने टांगून आलोय. चौथी घरी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवलीय, रंग ताडून बघायला.