फॉल्टच्या अलीकडची विहीर

वर्धा खोऱ्यातल्या कुठल्याही खुल्या कोळसा खाणीची भिंत मी आधी पाण्यासाठी बघतो, कोळशासाठी नंतर. वर काळी माती, मग कामठी नावाच्या वालुकाश्माचे तांबूस, भरड थर आणि त्याखाली बराकर नावाच्या थरांतला करडा वालुकाश्म, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक), कोळसा. कामठीचा वालुकाश्म जिथे चिकणमातीच्या थरावर टेकतो तिथे भिंतीवर एक ओली रेघ दिसते, भर मे महिन्यातही. खाणीच्या हिशेबात हा वालुकाश्म सुरुंग लावून बाजूला टाकायचा असतो. आसपासच्या गावांचं पाणी मात्र त्याच खडकात साठलेलं असतं.

मी भूजलाचं काम करतो. ज्या खाणीच्या विस्ताराचा अभ्यास चालू होता, ती थर खोल जातात त्या बाजूला, म्हणजे डिपकडे वाढणार होती. दर टन कोळशामागे जास्त खडक काढायचा आणि जुन्या खाणीपेक्षा खालच्या पातळीवरून पाणी उपसायचं. विस्ताराची हद्द एका फॉल्टवर, म्हणजे खडक जिथे तुटून वर-खाली सरकलेत अशा भेगेवर, थांबत होती. पलीकडची बाजू वर उचललेली, त्यामुळे तिथल्या बोअरमध्ये थोड्याच खोलीवर तालचीरचा हिरवट शेल लागला. कोळसा नाहीच. (तालचीर हा कोळशाच्या थरांखालचा, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमकाळातला गाळ. याच खोऱ्यात इरईजवळ बर्फाने ओरखडलेला चुनखडक १८७० च्या दशकातच नोंदला गेला होता. भर उन्हात तिथे हिमनद्यांचा विचार करताना मला अजून नवल वाटतं.)

पर्यावरणावरच्या परिणामांबद्दलच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी त्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत गावांपर्यंत पोहोचवावा लागतो. मसुद्याच्या सारांशात एक नकाशा होता आणि त्यावर खाणीभोवती एक गोल. उपशामुळे एवढ्या परिसरातल्या विहिरी उतरतील, बाहेरच्या नाही, असा त्याचा अर्थ. कंपासने काढलेला असावा इतका नीटस.

आम्ही पंपिंग टेस्टसाठी बोअरवर पंप बसवत होतो, तेव्हा एक म्हातारे शेतकरी आले. म्हणाले, "साहेब, माही विहीर तुमच्या गोलाच्या बाहेर हाय. पण पानी तर जुनी खदान खोल गेली तेव्हापासूनच उतरून रायलं." त्यांना आधी सांगण्यात आलं होतं की पाऊस कमी झाला म्हणून. मी म्हटलं, "काका, तुमच्या शिवारात कुणाच्या विहिरीला अजून पाणी आहे?" त्यांनी हात केला तो फॉल्टच्या पलीकडे. तिथल्या विहिरीत टेप सोडली. पाणी वरच होतं. पाऊस दोन्हीकडे तोच पडला होता.

टेस्ट सुरू झाली. पंप एकाच वेगाने चालू ठेवायचा आणि निरीक्षणाच्या बोअरमधली पातळी मोजत राहायची. सुरुवातीला दर मिनिटाला, पुढे हळूहळू विरळ. काळ लॉग प्रमाणावर (१, १०, १०० मिनिटं सारख्या अंतरावर) मांडला, तर एकसंध पसरलेल्या जलधारक खडकात पातळीची घट काही वेळाने सरळ रेषेत जाते. हा कूपर आणि जेकब यांनी १९४६ मध्ये मांडलेला मार्ग. नदीचं पाणी येऊन मिळालं तर रेघ आडवी होत जाते. आमच्या गटात काहींना तीच अपेक्षा होती, कारण वर्धा नदी फार लांब नव्हती.

रात्र चढली तशी रेघ वाकली, पण आडवी नव्हे, अधिक तिरकी. पाण्याला एका बाजूने सरळ आडकाठी असली की तिचा उतार दुप्पट होतो. मी पट्टी लावून पाहिली. जवळपास दुप्पटच. पलीकडच्या बोअरची पातळी सकाळपर्यंत हलली नव्हती. तालचीरचा शेल कामठीच्या वालुकाश्मासमोर भिंतीसारखा उभा होता. पलीकडून पाणी येणार नाही म्हटल्यावर खाण ते अलीकडूनच दुपटीने ओढणार, आणि घट फॉल्टच्या कडेकडेने लांबवर जाणार. काकांची विहीर त्याच वाटेवर होती. त्यांच्या विहिरीतही त्या रात्री पाणी थोडं, पण स्पष्ट उतरलं. ते कंदील घेऊन आमच्याबरोबर बसले होते. प्रत्येक आकडा मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं पाणी होतं, तो त्यांचा हक्कच होता.

पुढे अहवालावरून वाद झाला. अभ्यासक्षेत्र १० किलोमीटरचं आहे, त्यात हे गाव येतंच, मग नकाशा कशाला बदलायचा, असं एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं. मला ते अजिबात पटलं नाही. अभ्यासक्षेत्रात असणं आणि बाधित म्हणून नोंद असणं यात पर्यायी पाणी मिळण्या-न मिळण्याचा फरक आहे. मी फॉल्टच्या दोन्ही बाजूंच्या बोअरचे आलेख शेजारी ठेवले आणि गोल काढून टाका, एवढंच धरून बसलो. शेवटी नकाशावर फॉल्टला चिकटून गेलेला एक लांबट, एकांगी आकार आला. पलीकडची गावं त्यातून सुटली, अलीकडची वस्ती आत आली.

आणखी एक सूचना मी लिहून दिली. वर्षातून चार वेळा पातळी मोजण्याची रूढ पद्धत या पट्ट्यात पुरणार नाही. फॉल्टच्या दोन्ही बाजूंना दर महिन्याला मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीत मराठीत लावा. निरीक्षण विहिरींच्या यादीत काकांची विहीर पहिली घातली.